व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि मार्घेराचे पाच हजार लिरे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



चित्रशिल्पांचे एक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आणि तेथे वाटली जाणारी पारितोषिके हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कंत्राटी कामगार, धरणग्रस्त, कर्जबाजारी शेतकरी यांचे प्रश्न दाराशी उभे असताना युरोपातील एका श्रीमंत शहरातल्या चित्रांची उठाठेव कोणी करावी? परंतु समाजात मान कोणाला द्यावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मजुरी कोणी ठरवावयाची या प्रश्नाहून फारसा निराळा नाही. व्हेनिसच्या द्विवार्षिक प्रदर्शनाच्या इतिहासात हे दोन प्रश्न एकदा अक्षरशः एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात आणि एकाच शब्दाच्या आधाराने उभे राहिले. ती हकीकत सांगण्यासाठीच हा विषय येथे घेतला आहे.

व्हेनिस हे इटलीच्या ईशान्येस, समुद्रालगतच्या उथळ खाडीतील बेटांवर वसलेले शहर. एके काळी भूमध्य समुद्रातील व्यापाराची ती राजधानी होती. एकोणिसाव्या शतकापर्यंत तो व्यापार गेला, राजवाडे उरले. राजा उंबेर्तो आणि राणी मार्गेरिता यांच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून तेथील नगरपालिकेने दर दोन वर्षांनी कलाप्रदर्शन भरविण्याचा ठराव केला आणि १८९५ साली पहिले प्रदर्शन भरले. महापौर रिक्कार्दो सेल्वातिको हे स्वतः व्हेनिसच्या बोलीत नाटके लिहिणारे गृहस्थ होते. दोन लाखांहून अधिक लोक प्रदर्शन पाहून गेले. पारितोषिकांची प्रथा पहिल्या दिवसापासूनच होती, आणि तिची पहिली फजितीही त्याच वर्षी झाली. ज्याकोमो ग्रोस्सो या चित्रकाराने चर्चमधील शवपेटी आणि तिच्याभोवती पाच विवस्त्र स्त्रिया असे चित्र पाठविले. व्हेनिसचे धर्माध्यक्ष ज्युसेप्पे सार्तो, जे पुढे दहावे पायस या नावाने पोप झाले, त्यांनी आक्षेप घेतला. चित्र एका वेगळ्या खोलीत टांगण्यात आले. साहजिकच त्या खोलीकडे रीघ लागली आणि लोकमताने द्यावयाचे पारितोषिक त्याच चित्राला मिळाले. पुढे ते चित्र आगीत भस्मसात झाले. आज ते कोणाच्या स्मरणातही नाही. उलट १९१० साली पिकासोचे एक चित्र, लोकांना त्याच्या नवेपणाचा धक्का बसेल या भीतीने, प्रदर्शनातून काढून ठेवण्यात आले, आणि त्यानंतर पिकासोला तेथे प्रवेश मिळावयास १९४८ साल उजाडावे लागले. पारितोषिकांच्या न्यायबुद्धीवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्या माहितीसाठी एवढी दोन उदाहरणे पुरेत.

तथापि कोणाची पारख चुकली आणि कोणाची बरोबर आली, हा येथे महत्त्वाचा मुद्दा नव्हे. परीक्षक चुकतातच. पारितोषिक देणारा हात कोणाचा आहे आणि त्या हाताला त्याची गरज का भासते, हे पाहावयास हवे.

१९३० साली मुसोलिनीच्या राजवटीने हे प्रदर्शन नगरपालिकेच्या हातून काढून घेतले आणि एका स्वायत्त म्हणविल्या जाणाऱ्या मंडळाकडे सोपविले. त्या मंडळाचे अध्यक्षपद काउंट ज्युसेप्पे वोल्पी यांच्याकडे गेले. हे वोल्पी कोण, हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘सादे’ या वीज कंपनीचे ते संस्थापक. त्याच कंपनीने बांधलेल्या वायोंत धरणाच्या जलाशयात १९६३ साली डोंगर कोसळून सुमारे दोन हजार माणसे मेली, पण त्या वेळी वोल्पी हयात नव्हते. १९२१ ते १९२५ या काळात ते लिबियातील त्रिपोलितानिया या इटालियन वसाहतीचे गव्हर्नर होते. त्यानंतर ते मुसोलिनीचे अर्थमंत्री झाले. आणि व्हेनिससमोर, खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, १९१७ पासून पोर्टो मार्घेरा ही अवाढव्य औद्योगिक वसाहत उभी राहिली तीही मुख्यतः त्यांच्याच पुढाकाराने. वसाहतीचा कारभार, वीज, कारखाने, तिजोरी आणि कला अशी ही एका माणसाच्या हातातील पाच बोटे होत. प्रदर्शनाला जोडून १९३२ साली चित्रपट महोत्सव सुरू झाला. त्यातील सर्वोत्कृष्ट चित्रपटांना मुसोलिनी चषक आणि नटनटींना वोल्पी चषक देण्याची पद्धत पडली. फॅसिझमबरोबर मुसोलिनी चषक गेला. वोल्पी चषक मात्र गेला नाही. तो अजूनही त्याच नावाने दिला जातो आणि जगातील नामांकित नटनटी तो हसतमुखाने स्वीकारतात. आपल्याकडे साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या तीर्थरूपांच्या नावाने साहित्यिकांना जे पुरस्कार दिले जातात, त्यांची कुळकथा फार वेगळी नाही.

येथे मराठी माणसाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा व्हेनिसमध्ये गौरव झाला तो १९३७ साली, म्हणजे अबिसीनियावर विषारी वायू सोडून आलेल्या राजवटीच्या ऐन भरभराटीत. म्हणून दामले-फत्तेलालांची ती कलाकृती कलंकित ठरते काय? मुळीच नाही. देहूच्या वाण्याची ती कथा पुण्याच्या कलावंतांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या प्रेक्षकांसाठी केली होती. व्हेनिसच्या मंडळाला ती भावली, यात त्या मंडळाचे भाग्य. परंतु त्या गौरवाने कोणाची शोभा वाढली, याचा हिशेब मांडला तर तुकारामाची कमी आणि यजमानांची अधिक, असेच उत्तर येईल. ज्या राजवटीचे हात रक्ताने माखलेले असतात तिला सुसंस्कृत दिसण्याची निकड इतरांहून अधिक असते. १९३४ साली हिटलर प्रथम इटलीत आला तेव्हा त्यालाही हे कलाप्रदर्शन दाखविण्यात आले होते.

फॅसिझमचा पराभव झाला तरी ही यंत्रणा मोडली नाही. तिचा चालक तेवढा बदलला. प्रदर्शनाच्या उद्यानात राष्ट्रवार दालने आहेत. पहिले दालन बेल्जियमने १९०७ साली बांधले आणि मग एकेका सत्तेने आपापले घर उभारले. त्यामुळे पारितोषिक कलावंताला मिळाले तरी विजय राष्ट्राचा गणला जातो. १९६४ साली हे फार उघडपणे दिसले. त्या वर्षी अमेरिकेच्या प्रवेशिकेची सूत्रे प्रथमच अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याने स्वतःकडे घेतली. चित्रे लष्करी विमानाने आणण्यात आली. उद्यानातील अमेरिकन दालन अपुरे पडले म्हणून रॉबर्ट राउशेनबर्ग यांची बरीच चित्रे जुन्या अमेरिकन वकिलातीच्या इमारतीत मांडण्यात आली. उद्यानाबाहेरील चित्रांचा विचार करता येणार नाही अशी हरकत निघताच ती चित्रे होडीत घालून उद्यानात आणली गेली. न्यूयॉर्कचे चित्रव्यापारी लिओ कास्तेली हे या सर्व धावपळीत होतेच. अखेर चित्रकलेचे महापारितोषिक राउशेनबर्ग यांना मिळाले. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी आकांत केला. जागतिक कलेची राजधानी पॅरिसहून न्यूयॉर्कला गेली, असे तेव्हापासून म्हटले जाऊ लागले. त्या चित्रांची भाववाढ ही तर ओघानेच आलेली गोष्ट.

राउशेनबर्ग हा लबाड कलावंत होता असे मात्र कोणी समजू नये. पारितोषिक जाहीर झाल्यावर त्याने न्यूयॉर्कला दूरध्वनी करून आपल्या कार्यशाळेतील छपाईच्या रेशमी जाळ्या नष्ट करावयास सांगितले. ज्या चित्रांना मान मिळाला त्यांचीच पुनरावृत्ती आता बाजार आपल्याकडून मागणार, हे त्याने क्षणात ओळखले होते. पारितोषिकाविषयी एवढी स्वच्छ समज फार थोड्या विजेत्यांनी दाखविली आहे.

त्याच १९६४ साली, त्याच संस्थेच्या संगीत महोत्सवात, दुसरी एक घटना घडली. तिची वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. लुइजी नोनो हा व्हेनिसचाच संगीतकार आणि इटालियन कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. त्याने जेनोवाच्या पोलाद कारखान्यात जाऊन भट्ट्यांचे, यंत्रांचे, कामगारांच्या बोलण्याचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यातून ‘ला फाब्रिका इल्लुमिनाता’, म्हणजे प्रकाशलेला कारखाना, ही रचना सिद्ध केली. ती त्याने त्या कारखान्याच्या कामगारांना अर्पण केली. सरकारी नभोवाणीने जी रचना मागविली होती तीच आता तिला अडचणीची वाटू लागली. अखेर ती व्हेनिसमध्ये प्रथम ऐकविली गेली. कारखान्याचा गोंगाट अशा रीतीने तेथील नाट्यगृहाच्या मखमली खुर्च्यांपर्यंत पोहोचला. पण खुद्द कारखाना अजून खाडीपलीकडेच होता.

तो चार वर्षांनी अलीकडे आला. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिस पेटले होते. जूनमध्ये व्हेनिसचे चौतिसावे प्रदर्शन उघडावयाचे होते. तेथील कलाविद्यालय विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतले. पारितोषिके रद्द करा, चित्रविक्रीचे कार्यालय बंद करा, फॅसिस्ट काळातील घटना बदला, अशा त्यांच्या मागण्या होत्या. प्रदर्शनाला स्वतःचे विक्री कार्यालय होते आणि ते विक्रीवर दलाली घेत असे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शासनाने उत्तर पोलिसांच्या रूपाने दिले. सान मार्को चौकात लाठ्या चालल्या. उद्यानाच्या दाराशी शिरस्त्राणे घातलेल्या पोलिसांचे पहारे बसले. त्या पहाऱ्यात चित्रे पाहणे अनेक कलावंतांना लाजिरवाणे वाटले. कोणी आपल्या चित्रांवर कापड टाकले, कोणी ती भिंतीकडे तोंड करून उलटी टांगली. गास्तोने नोव्हेल्ली याने आपल्या चित्राच्या पाठीवर ‘बिएनाले फॅसिस्ट आहे’ असे लिहिले. तरीही परीक्षक मंडळ बसले आणि त्याने पारितोषिके वाटली. चित्रकलेचे ब्रिटनच्या ब्रिजेट रायली यांना, शिल्पाचे निकोलस शॉफर यांना.

याच आठवड्यांत खाडीपलीकडे, पोर्टो मार्घेराच्या रासायनिक कारखान्यात, एक लढा सुरू होता. कारखाना मोंतेदिसोन या बलाढ्य कंपनीचा. लढा होता तो ‘प्रेमिओ’साठी. इटालियन भाषेत पारितोषिकाला ‘प्रेमिओ’ म्हणतात आणि कामगाराला उत्पादनावर मिळणाऱ्या बोनसलाही ‘प्रेमिओ’च म्हणतात. दोन्हींमागची कल्पनाही एकच आहे: मालकाने ठरविलेल्या मापाने मोजावयाचे, चढती-उतरती पायरी लावावयाची आणि वरच्या पायरीवर असणाऱ्याने खालच्याकडे पाहून समाधान मानावयाचे. आजवर बोनसची वाढ श्रेणीनुसार होत असे. कारकुनाला अधिक, कुशल कामगाराला त्याहून कमी, हमालाला सर्वांत कमी. मार्घेराच्या कामगारांनी या वेळी मागितले ते वेगळेच. पाच हजार लिरे, आणि तेही सर्वांना सारखे!

व्यवस्थापनाला पाच हजार लिऱ्यांचा बोजा फार नव्हता. ‘सारखे’ हा शब्द त्यांना झेपेना. कामगार संघटनांच्या काही जुन्या पुढाऱ्यांनाही तो प्रथम रुचला नाही, कारण श्रेणी आणि टक्केवारी यांच्या भाषेतच वाटाघाटी करण्याची त्यांना सवय लागली होती. दिवसाआड संप होऊ लागले. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला कामगार कारखान्यातून निघून मेस्त्रे शहरात शिरले आणि त्यांनी रेल्वे स्थानकावर रूळ अडविले. पुढच्या वर्षी, १९६९ च्या शरद ऋतूत, इटलीच्या कारखान्यांतून जी प्रचंड संपांची लाट उसळली, तिच्यात सर्वांना सारखी वाढ ही मागणी देशभर झाली आणि धातुउद्योगाच्या करारात ती मान्यही झाली.

कलावंत म्हणत होते, प्रेमिओ नको. कामगार म्हणत होते, प्रेमिओ हवा, पण सर्वांना सारखा. दोहोंत फरक आहे आणि तो आपण नीट पाहिला पाहिजे. पारितोषिक नाकारणे कलावंताला शोभते, कारण नाकारल्याने त्याची चूल विझत नाही. पुष्कळदा त्याचे नाव त्याने अधिकच उजळते. कामगाराला पाच हजार लिरे नाकारण्याची चैन नसते. म्हणून त्याने पैशाला हात न लावता मोजमापाच्या पद्धतीवरच घाव घातला. दोन्ही बंडांत अधिक मूलगामी कोणते, याचे उत्तर कलासमीक्षेच्या पुस्तकांत सापडावयाचे नाही. विद्यार्थ्यांपैकी काही जण मात्र त्या उन्हाळ्यात चित्रांचे उद्यान सोडून कारखान्याच्या दारावर पहाटेच्या पाळीला पत्रके वाटू लागले होते.

कलावंतांची मागणी प्रथमदर्शनी अधिक यशस्वी ठरली. १९७० पासून व्हेनिसमधील महापारितोषिके बंद झाली, विक्री कार्यालयही बंद झाले. पण त्याच १९७० साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे चित्रव्यापाऱ्यांनी आपला वार्षिक बाजार सुरू केला आणि बघता बघता तो जगातील सर्वांत मोठा झाला. पारितोषिक गेले, किंमत राहिली. समाजवाद्यांनी येथे सावध झाले पाहिजे. एखादी संस्था बदनाम आहे म्हणून तिच्यातील एक रूढी मोडून टाकली आणि संस्थेच्या मालकीचा प्रश्न तसाच सोडला, तर मोकळी झालेली जागा बाजार भरून काढतो.

मालकीच्या प्रश्नाला हात घालण्याचा प्रयत्न १९७३ साली झाला. इटलीच्या संसदेने नवा कायदा करून फॅसिस्ट काळातील घटना रद्द केली. नव्या मंडळाचे अध्यक्ष कार्लो रिपा दि मेआना हे समाजवादी पक्षाचे होते. त्यांच्या कारकीर्दीतील पहिले वर्ष १९७४. त्याच्या आदल्या वर्षी, ११ सप्टेंबर १९७३ रोजी, चिलीमध्ये साल्वादोर आयेंदे यांचे निवडून आलेले समाजवादी सरकार लष्कराने उलथून टाकले होते. रिपा दि मेआना यांनी १९७४ चा सर्व कार्यक्रम चिलीच्या स्वातंत्र्याला वाहिला. आयेंदे यांच्या पत्नी ओर्तेन्सिया उद्घाटनास आल्या. चिलीत भिंतीभिंतींवर चित्रे काढणाऱ्या तरुणांच्या तुकड्या असत. त्या धर्तीवर निर्वासित कलावंतांनी चित्रकार रोबेर्तो मात्ता यांच्यासह व्हेनिसच्या चौकांत मोठमोठी भित्तिचित्रे रंगविली. प्रदर्शन उद्यानाचे कुंपण ओलांडून खाडीपलीकडच्या कामगार वस्त्यांतही गेले. परीक्षक मंडळ नाही, पदके नाहीत, राष्ट्रवार दालनांची चढाओढ नाही. कलाबाजारातील जाणकारांनी नाके मुरडली. कलेच्या दृष्टीने त्या वर्षात कच्चे बरेच होते, हे खरेच. घोषणा मोठी असली की चित्र लहान होते, हा अनुभव आपल्या मोर्चांतील फलकांवरूनही येतो. पण शंभराहून अधिक वर्षांच्या या इतिहासात असे दुसरे वर्ष दाखविता येत नाही.

आणि १९७७ साली त्याच रिपा दि मेआना यांनी सोव्हिएत रशिया व पूर्व युरोपातील बंदी घातलेल्या कलावंत-लेखकांना व्हेनिसचे व्यासपीठ दिले. सोव्हिएत राजदूताने इटालियन सरकारकडे निषेध नोंदविला. चिलीच्या वेळी टाळ्या वाजविणारे अनेक जण आता गप्प बसले आणि चिलीच्या वेळी गप्प बसलेले टाळ्या वाजवू लागले. तुरुंग कोणाचाही असो, तो तुरुंगच, एवढी साधी गोष्ट ज्याला दोन्ही वेळा बोलता आली तो समाजवादी. लोकशाही समाजवादाच्या परंपरेत वाढलेल्या कार्यकर्त्यांना ही हकीकत परकी वाटू नये.

हे पर्व फार टिकले नाही. १९८६ साली पारितोषिके परत आली, आता ‘सुवर्णसिंह’ या नावाने. चित्रपट महोत्सवात ते आधीपासूनच होते. सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय दालनाचा सुवर्णसिंह त्या वर्षी फ्रान्सला, दानिएल ब्यूरेन यांच्या कामासाठी मिळाला. कलासंस्थांच्या अधिकारावर बोट ठेवण्यात ज्याचे तारुण्य गेले त्या कलावंताच्या हाती संस्थेने पहिलाच सिंह द्यावा, याहून मोठी चतुराई नाही. १९९३ साली तर कडी झाली. हान्स हाके यांनी जर्मन दालनाच्या दारात हिटलरच्या १९३४ च्या भेटीचे छायाचित्र लावले, दारावर जर्मन मार्काचे मोठे नाणे बसविले आणि आतील संगमरवरी फरशी फोडून तिचा चुराडा केला. हे दालन नाझींनी १९३८ साली आपल्या थाटात नव्याने बांधले होते. पाहणाऱ्यांच्या पायांखाली फरशीचे तुकडे कडकड वाजत. त्याही वर्षी सुवर्णसिंह जर्मनीलाच मिळाला. नाम जून पाइक यांचे काम त्याच दालनात होते.

मग अशा कलेचा उपयोग काय, असा प्रश्न येथे विचारला जातो. भांडवलशाही सर्व काही गिळून पचविते, तेव्हा कलावंताने गप्प बसावे, असा एक थकलेला सूर आपल्यातही ऐकू येतो. तो स्वीकारण्याचे कारण नाही. फरशी खरोखर फुटली होती. जर्मन राज्याच्या पैशाने, जर्मन राज्याच्या घरात, जर्मन राज्याचा इतिहास उघडा पाडला गेला होता. सिंह मिळाला म्हणून ती फरशी पुन्हा सांधली गेली नाही. शिवाय सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत असा हट्ट धरता येतो. खाजगी धनिकाच्या संग्रहालयात तो धरता येत नाही. २०१५ साली नायजेरियात जन्मलेले ओक्वी एन्वेझोर यांनी, आफ्रिकेतून या पदावर आलेल्या पहिल्या संयोजकाने, प्रदर्शनाच्या मध्यभागी एक रंगमंच उभारून तेथे सात महिने मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचे जाहीर वाचन करविले. बाहेर कालव्यात अब्जाधीशांच्या नौका नांगरून होत्या. वाचनाची मांडणी करणारे आयझॅक ज्युलियन यांचे दुसरे काम त्याच सुमारास रोल्स-रॉइस या मोटार कंपनीच्या आश्रयाने दाखविले जात होते. पुष्कळांनी या विसंगतीची थट्टा केली. ती थट्टा रास्त होती. परंतु त्याच वर्षी आपल्याकडे प्राध्यापक कलबुर्गींच्या हत्येनंतर अनेक लेखकांनी साहित्य अकादमीचे पुरस्कार परत केले. तेव्हा त्यांनाही, घेतलेच कशाला, असे हिणविण्यात आले होते. पुरस्कार घेतलेल्यालाच तो परत करता येतो, हे हिणविणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

अलीकडच्या काळात परीक्षकांची दृष्टी बदललेली दिसते, हे मान्य केले पाहिजे. २०२४ साली सुवर्णसिंह ऑस्ट्रेलियाच्या दालनाला मिळाला. आदिवासी वंशाचे आर्ची मूर यांनी काळ्या भिंतींवर खडूने आपली पासष्ट हजार वर्षांची वंशावळ हाताने लिहून काढली होती. मधोमध पाण्यावर कागदांचे गठ्ठे मांडले होते. त्यांत पोलीस कोठडीत मेलेल्या आदिवासींच्या मृत्यूंच्या चौकशीची सरकारी कागदपत्रे होती. खडूने लिहिलेले पुसले जाते, हे त्यांना ठाऊक होते. प्रमुख प्रदर्शनातील सिंह न्यूझीलंडमधील चार माओरी स्त्रियांच्या ‘माताहो’ या गटाला मिळाला. माल बांधण्याच्या पट्ट्यांचे त्यांनी चटईसारखे विणकाम केले होते. याच वर्षी इस्रायलच्या दालनाच्या कलावंत रूथ पातीर यांनी, युद्धविराम आणि ओलिसांची सुटका होईपर्यंत, दार बंदच ठेवले.

खाडीपलीकडचे काय झाले? मार्घेराच्या त्याच कारखान्यात विनाइल क्लोराइड या वायूच्या संपर्काने कामगारांना यकृताचा कर्करोग होत होता. गाब्रिएले बोर्तोलोत्सो या कामगाराने वर्षानुवर्षे, पाळी संपल्यावर, मेलेल्या सोबत्यांची नोंद ठेवली आणि १९९४ साली ते टिपण सरकारी वकिलांकडे दिले. दीडशेहून अधिक मृत्यूंचा आरोप ठेवून खटला चालला. २००१ साली व्यवस्थापक निर्दोष सुटले; अपिलात २००४ साली केवळ एका मृत्यूपुरती काहींना शिक्षा झाली. बोर्तोलोत्सो १९९५ सालीच सायकलवरून जात असता अपघातात वारले होते. मूर यांच्या पाण्यावरच्या कागदांना सिंह मिळाला याचा आनंद आहे. या कामगाराचे टिपणही त्याच जातीचे होते. मात्र ते मांडण्याचे दालन न्यायालय होते, आणि तेथील परीक्षकांचा निकाल निराळा लागला.

आपल्या देशाचा या प्रदर्शनाशी संबंध तुटकच राहिला आहे. तेथील उद्यानात जपानने १९५६ साली आणि दक्षिण कोरियाने १९९५ साली घर बांधले. भारताचे घर नाही. २०११ साली ललित कला अकादमीच्या वतीने मुंबईचे रणजित होस्कोटे यांनी भारताचे दालन मांडले. त्यानंतर थेट २०१९ साली, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, पुन्हा दालन उभे राहिले. मधल्या काळात २०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाला दोन पारितोषिके मिळाली. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराच्या मृत्यूबद्दल लोकशाहिरावर खटला, असा त्याचा विषय. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे धंदेवाईक नट नव्हते. ते आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते होते. २०२१ साली करोनाने त्यांचा बळी घेतला.

२०१९ च्या भारतीय दालनात हरिपुऱ्याची चित्रे होती. ती हकीकत महाराष्ट्रातून सुरू होते. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन खानदेशात फैजपूरला भरले. त्याच्या यशासाठी साने गुरुजींनी गावोगाव पायपीट केली होती. गांधीजींनी नंदलाल बसू यांना शांतिनिकेतनातून बोलावून घेतले आणि सांगितले की, जे काही उभारावयाचे ते खेड्यात मिळणाऱ्या सामानातून आणि खेड्यातील कारागिरांच्या हातून. बांबू आणि चटया यांतून नंदलालांनी वास्तुविशारद म्हात्रे यांच्यासह अख्खे नगर उभे केले. १९३८ साली गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांनी सुमारे चारशे चित्रे केली. शेतकरी, सुतार, शिंपी, ढोलवादक, धान कांडणाऱ्या बाया. ती कोठल्याही बंद दालनात नव्हती. मंडपांच्या कमानींवर, रस्त्याच्या कडेला, उन्हात आणि धुळीत ती लावली गेली. बैलगाडीतून येणाऱ्या माणसाला तिकीट काढावे लागत नव्हते. त्याने पाहिले, आपल्यासारखाच कोणी तेथे रंगविलेला आहे हे ओळखले आणि तो सभेला गेला. पहिला क्रमांक कोणाचा, हे तेथे कोणी विचारले नाही.

ऐंशी वर्षांनी त्यांतील काही चित्रे व्हेनिसच्या जुन्या जहाजगोदीत भिंतीवर लागली. परीक्षकांनी त्या वर्षी सुवर्णसिंह लिथुआनियाला दिला. तापत चाललेल्या पृथ्वीवरचे एक गीतनाट्य त्यांच्या कलावंतांनी वाळूवर पहुडलेल्या गायकांकडून सादर केले होते. नोव्हेंबरच्या १२ तारखेच्या रात्री समुद्राचे पाणी १८७ सेंटीमीटर चढले. १९६६ नंतर एवढा पूर आला नव्हता. मार्घेराच्या तेलवाहू जहाजांसाठी खाडीत जो खोल कालवा खणला गेला त्याने खाडीची किती हानी केली, यावर तेथील मच्छीमार आणि अभ्यासक कित्येक वर्षे बोलत आले आहेत. प्रदर्शन काही काळ बंद ठेवावे लागले. मग पाणी ओसरले, दारे उघडली आणि उरलेले दिवस लोक पुन्हा तिकिटे काढून आत येऊ लागले.